आडवीवरचं मागचं चाक

अप्पांची अट एकच होती. पावसाळ्यातसुद्धा आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला यायला ते तयार होते, पण झोपायला प्रत्येक वेळी घरी परत यायचं. लातुरात खोली घेऊन राहायचं नाही.

"जीप मला नेती-आणती का, तेवढं बघा," ते म्हणाले. "नेत नसली तर तसं सांगा. मग मी घरीच हाय."

'घरीच हाय' याचा अर्थ मला, संगमेशदादाला आणि आईला, तिघांनाही कळत होता.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा हिवाळा संपत आला होता. पहिले काही आठवडे आम्ही अप्पांना घेऊन दवाखान्यामागच्या गल्लीत एका खोलीत राहिलो. खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत होती. आयुष्यभर जीप चालवलेला, बाजारच्या दिवशी सगळ्या वाडीला नावानं हाका मारत गाडीत कोंबणारा माझा बाप त्या खोलीत हळूहळू बोलायचाच बंद झाला. जेवायला वाढलं तर जेवायचे, न वाढलं तर मागायचे नाहीत. पाडव्याला घरी आणलं त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी शेजारच्या महादेवप्पाकाकांना पहिली शिवी दिली, आणि आई आत जाऊन रडली. त्यानंतर खोलीचा विषय निघाला की ते उठून जायचे.

उन्हाळाभर काही अडलं नाही. प्रश्न पावसाळ्याचा होता. जळकोट आणि मुखेडच्या मधल्या डोंगरात आमची वाडी आहे. डांबर संपतं तिथपासून घरापर्यंत गाडीवाट आणि सगळी काळी माती. वाटेत दोन जागा वाईट. एक ओढा, आणि दुसरी आडवी. आडवी म्हणजे वाट टेकडीच्या कुशीतून आडवी जाते तो भाग. वरच्या बाजूला आमचंच शेत, खालच्या बाजूला ओढ्याची दरड. पाऊस धरला की जीप या दोन्हींपैकी कुठंतरी अडकायचीच. एक मागचं चाक जागेवर गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म उभं राहायचं.

मी नांदेडला एमएस्सी फिजिक्सची शेवटची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. दादा म्हणाला, "अक्षे, ते चाक का उभं ऱ्हातंय ते तू सांग. अन् चालतं कसं करायचं ते बी."

'का'चं उत्तर सोपं होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरता यावं यासाठी मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतं. एका चाकाखाली लोण्यासारखा चिखल असला तर त्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, मग ते दुसरं पाषाणावर का उभं असेना. त्यावर उपाय म्हणून लॉकर नावाचा भाग बसवला की दोन्ही चाकं एकमेकांशी बांधली जातात. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. पुढच्या आसालाही इंजिनचा जोर मिळायचा, पण ओझं सगळं मागे, आणि अडायची जीप मागच्याच चाकावर. म्हणून लॉकर मागे बसवायचा हे ठरलं. कोणता बसवायचा, एवढं राहिलं होतं.

त्यासाठी दादा आणि मी जीप घेऊन नांदेडला देगलूर नाक्याकडच्या शहेबाजभाईंच्या गॅरेजात गेलो. शहेबाजभाई पन्नाशीचे, पान खाणारे, आणि गिऱ्हाईक बोलत असताना गाडीखाली सरकायची सवय असलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायचं.

"सगळ्यात सोपं, आतले गिअर वेल्डिंग मारून टाकू," गाडीखालून आवाज आला. "जिंदगीभर लॉक."

"मग डांबरी रस्त्यावर वळताना?" मी विचारलं.

"वळताना टायर घासतंय, कुरकुरतंय. आदत होते."

"आठवड्यातून दोनदा लातूरपर्यंत डांबरच आहे. एक्सल तुटला तर?"

"तुटला तर शहेबाज हाय न्." पाय हलले. "बरं, मग आपोआप लागणारा बसवा. जोर दिला की लागतो, वळलं की सुटतो. बसवा आन् भूल जाव."

मी त्याबद्दल वाचलं होतं. तो वळणावर खाडकन सुटतो आणि गाडीला झटका बसतो. डायलिसिस करून परतताना अप्पांचा रक्तदाब उतरलेला असे. मान सीटवर टाकून ते डोळे मिटून बसत. प्रत्येक वळणाला त्यांना झटका देणारी वस्तू मला नको होती. शिवाय तो कधी लागेल हे तोच ठरवणार, आपण नाही.

"स्विचवाला पाहिजे," मी म्हणाले. "हवेवरचा की विजेवरचा, तेवढं सांगा."

शहेबाजभाई बाहेर आले आणि बसल्या जागी माझ्याकडे पाहत राहिले. "संगमेशभाई, ही परीक्षा माझी हाय का गाडीची?"

"तिनं माझी बी घेतली," दादा म्हणाला. "मी नापास हाय."

हवेवरच्या लॉकरला एक छोटा कॉम्प्रेसर लागतो आणि एक्सलवरून जाणारी बारीक नळी लागते. आमच्याकडे चिखलातून आलं की दादा खुरपं घेऊन एक्सलवरची माती खरवडून काढतो. काढली नाही तर सकाळपर्यंत तिची वीट होते. खुरप्याचा एक फटका आणि नळी गेली. विजेवरच्याला नुसती वायर लागते, ती वरून फ्रेममधून नेता येते. हे मी सांगितलं तेव्हा शहेबाजभाई म्हणाले, "मी खरं बोलून राहिलो ताई, खुरप्याचा हिसाब आजपावतर कोन्ही सांगितला नव्हता." आणि पान थुंकायला बाहेर गेले. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

विजेवरचा बसवून झाल्यावर त्यांनी चाचणी दाखवली. गॅरेजात गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा होता. एक मागचं चाक त्या खड्ड्यावर अधांतरी राहील अशी जीप उभी केली. लॉक न लावता गिअर टाकला तर अधांतरी चाक भिंगरीसारखं फिरलं आणि जीप जागची हलली नाही. दादानं स्विच दाबला. डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला आणि जीप हूं की चूं न करता पुढे निघून गेली. खड्डा जसा नव्हताच.

दादानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "अप्पाला फोन लाव."

फोन स्पीकरवर टाकला.

"निघाली का?" अप्पांनी विचारलं.

"निघाली."

"दोन्ही चाकं फिरली?"

"दोन्ही."

"मग त्या खोलीवाल्याला सांगून टाक," अप्पा म्हणाले. "म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघ."

ओढ्यात लॉकरनं काही म्हणजे काही कसूर केली नाही. जूनमध्ये ओढा मध्यम असताना आम्ही तो कितीतरी वेळा ओलांडला. अप्पा दादाच्या शेजारी पुढे बसायचे आणि ओढा आला की हात पुढे करायचे. "थांब, मी दाबतो." डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला केलेला डावा हात पोटाशी धरून उजव्या हातानं ते स्विच दाबायचे, दिवा लागलेला बघायचे, आणि पलीकडच्या काठावर चढल्यावर मागे वळून मला सांगायचे, "चढली बघ." आडवीवरही जीप निघायची. कधी मागून थोडी वाकडी चालायची, पण निघायची. लातूरच्या डायलिसिसच्या वॉर्डात त्यांनी सिस्टरला लॉकर समजावून सांगितला. हातात सुया टोचलेल्या असताना दोन पंजे फिरवून दाखवायला गेले म्हणून बोलणी खाल्ली.

जुलैत झड लागली. आकाश उघडेना आणि माती वरून खालपर्यंत भिजली. त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा दादा गाडी चालवत होता, अप्पा पुढे, मी मागे.

आडवीच्या मध्यावर वरच्या बाजूचं मागचं चाक फिरायला लागलं. दादानं पाय काढला. अप्पांनी स्विच दाबला. दिवा लागला. दादानं हळूच गॅस दिला. जीप वीतभर पुढे गेली आणि तिचा मागचा भाग कुणी दोरी बांधून ओढल्यासारखा दरडीकडे सरकला.

दादा थांबला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"सरकली."

"पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा गॅस दिला. पुन्हा मागचा भाग खाली गेला, या वेळी जास्त. आता जीपचं तोंड आमच्या शेताकडे आणि पाठ ओढ्याकडे झाली होती. मागच्या काचेतून मला जमीन दिसत नव्हती, खालचं पाणी दिसत होतं.

"लॉक काढ," मी ओरडले. "दादा, लॉक काढ!"

लॉक काढला. वरचं चाक मोकळं फिरायला लागलं आणि जीप जिथल्या तिथे थांबली. सरकेना. पुढेही जाईना.

आम्ही अप्पांना उतरवलं. चपलेला माती चिकटून प्रत्येक पाऊल मोठं होत होतं. दादानं त्यांना पाठीवर घेतलं. घराकडे जाताना अप्पा त्याच्या खांद्यावरून म्हणत होते, "लहानपणी तुला असंच न्यायचो रे, मसोबाच्या जत्रंला. तू लाथा मारायचास." दादाला दम लागला होता. त्या गुरुवारी डायलिसिस झालं नाही.

काय घडलं ते मला दुपारी चुलीपुढे बसून कळलं. टायरला जमिनीची पकड मिळते ती एकूण एवढीच असते. ती पुढे जायला खर्च करा, नाहीतर आडवं धरून ठेवायला. जागेवर फिरणाऱ्या चाकाची सगळी पकड फिरण्यात जाते आणि आडवं धरायला काही उरत नाही. आडवीवर गाडी कललेली असते, म्हणून बहुतेक ओझं खालच्या चाकावर पडतं आणि वरचं हलकं होऊन फिरतं. लॉक नसताना खालचं चाक उभं राहतं. ज्या उभ्या चाकाला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या देत आलो, ते जीपला टेकडीवर धरून ठेवत होतं. लॉकर त्यालाही फिरवतो. माती थोडी ओली असेल तर दोन्ही चाकं मिळून गाडी ओढून नेतात. पूर्ण भिजलेली असेल तर दोन्ही घसरतात, आणि मग धरायला कुणीच नसतं.

मी दादाला हे परातीत पीठ पसरून, दोन बोटं त्यावरून ओढून दाखवलं.

"म्हणजे लॉक न्हाई लावला तर हालत न्हाई," तो म्हणाला. "लावला तर खाली जाती."

"हो."

"मग तो आपोआपवाला घ्यायला पायजे होता का?"

"त्यानंही हेच केलं असतं."

"अन् हवेवरचा?"

"तोही तेच."

"मग चुकलं काय?"

"काहीच नाही चुकलं, दादा."

त्यानं परातीतलं पीठ हातानं सारखं केलं. चूक निघाली असती तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता आली असती.

पुढच्या दिवसांत आम्ही बाकीचं सगळं विचारून, करून पाहिलं. टायरला साखळ्या बांधल्या तर कड्यांमध्ये माती भरून चाकाचा गुळगुळीत गोळा झाला. दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या विंचला समोर बांधायला झाड लागतं, आणि आडवीवर बोरीची झुडपं आहेत, ती हातानंही उपटतात. ट्रॅक्टरवाल्यांनी सरळ हात जोडले. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे एक ट्रॅक्टर उलटला होता. खाटेवर घालून डांबरापर्यंत न्यायला महादेवप्पाकाका चार माणसं घेऊन आले. एकदा उचलून निघालेही. त्यात दोघं घसरून पडले, आणि अप्पा खाटेवरून उतरून चिखलात बसले. म्हणाले, "मेल्यावर उचला रे. आत्ताच काय घाई हाय?"

मधे ऊन पडलं की जीप निघायची. अशा एका दिवशी लातूरला पोचलो तेव्हा वजनकाट्यावरचा आकडा बघून सिस्टर म्हणाल्या, "काय बाबा, सुट्टी घेतली होती काय?" अंगात पाणी साठून अप्पांचे पाय सुजून चकचकीत झाले होते. पोटॅशियम फार वाढल्याचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. मी सायन्सची आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. पोटॅशियम असं वाढत राहिलं तर हृदय आधी काही सांगत नाही, थांबतं, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. मी फोनमधलं कोन मोजायचं अॅप घेऊन आडवीवर गेले. वाट नेमकी किती कललेली आहे आणि कुठे, ते मला बघायचं होतं. अप्पा काठी टेकत मागून आले. शेताच्या कडेला एका ठिकाणी मी थांबले. आमच्या सोयाबीनच्या तासांत, पिकाच्या दोन ओळींमध्ये, वाटेपासून बरंच आत, हद्दीचा दगड रोवलेला होता.

"अप्पा, हा दगड शेतात कसा?"

"दगड शेतात न्हाई आला," अप्पा म्हणाले. "शेत दगडाच्या भायेर आलंय."

ते बांधावर बसले. "माझ्या लग्नाला हितून दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी गेल्या. सपाट होतं. वर्षाला एक तास जास्त घ्यायचा, नांगर थोडा भायेर धरायचा. तुझ्या आज्यानं धरला, मी धरला. वाट सरकत गेली खाली. सगळेच धरतेत."

मलाही ते माहीत होतं. आमच्याकडे बांध कोरत नाही असा शेतकरी मी पाहिलेला नाही, आणि त्यावरून न भांडलेलाही. पण इथे भांडायला शेजारी नव्हता. रस्ता होता आणि रस्त्याला तोंड नसतं. सपाट जागा आमच्या सोयाबीनखाली होती, आणि जीप उरलेल्या उतारावरून जात होती.

मी धावत घरी आले. "दादा, शेत कापू. दगडापर्यंत मागे कापू, वाट सपाट होईल."

दादानं पुढचं काही ऐकलं नाही, फावडंच उचललं. उभं पीक आईनं स्वतः उपटलं. दोन दिवस आम्ही सगळे खपलो. महादेवप्पाकाकाही आले. आडवीचा सगळ्यात वाईट तुकडा आम्ही सपाट केला. मी फोन ठेवून पाहिलं, कोन जवळजवळ शून्य. मग पाऊस आला. नांगरटीची मऊ माती पाणी प्यायली आणि सकाळी दादाचा पाय तिच्यात गुडघ्यापर्यंत गेला. जीप पुढच्या चाकांनी त्यात शिरली आणि पोटावर बसली. चारी चाकं लॉक केली असती तरी उपयोग नव्हता.

"मुरूम टाकावा लागतोय," अप्पा ओट्यावरून म्हणाले. "उन्हाळ्यात. आधी माती दाबून घ्यायची, मग मुरूम. दगडापावतर सोडा, कंजूषी करू नका."

"उन्हाळ्यात करू," दादा म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "पण आत्ता लातूरला चला. अप्पा, पाया पडतो. दोन महिने. खोलीत मी ऱ्हातो तुमच्याजवळ, आई ऱ्हाईल. टीव्ही घेऊ."

"टीव्ही घरी हाय."

"अप्पा!"

"अन् तिथं मेलो तर?" अप्पा म्हणाले. "आपल्यात जाळत न्हाईत, शेतात पुरतेत. लातुरात कुठं पुरशील, खोलीवाल्याच्या बाथरूमात? गाडीत घालून आणशील. अन् गाडी आडवीवर अडकणार." ते हसले. "मढं घेऊन खाली-वर करत बसशील, लॉक लाव, लॉक काढ."

दादा उठून गोठ्याकडे गेला. मी तिथेच बसून राहिले. त्यांना पटवता येईल असा मुद्दा मी शोधत होते. आकडे माझ्याकडे होते, रिपोर्ट होता, डॉक्टरांचं वाक्य होतं. ते सगळं मी त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि त्यांना ते समजलेलंही होतं.

श्रावणातल्या सोमवारी पाऊस थांबलाच नाही. लातूरची पाळी आदल्या आठवड्यापासून चुकत आलेली होती. अप्पांनी सकाळी नेहमीप्रमाणे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली. हात खाली येत होता म्हणून आईनं खालून आपला हात धरला. नैवेद्याला महादेवप्पाकाकांनी अर्धापूरची केळी दिली होती, मोठी, पिवळीधमक.

पूजा झाल्यावर अप्पांनी ताटाकडे बोट दाखवलं. "एक दे."

केळ्यात पोटॅशियम असतं. डायलिसिस सुरू झाल्यापासून घरात केळं आलेलं नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. कशाचं काय होतं, हे घरात मी सांगायची अशी सवय झाली होती.

"प्रसाद हाय," अप्पा म्हणाले.

मी केळं सोललं आणि अर्धं त्यांना दिलं. त्यांनी ते सावकाश खाल्लं. दारातून आडवीचा वरचा कोपरा दिसत होता, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. खाऊन झाल्यावर त्यांनी हात पुन्हा पुढे केला, आणि मी उरलेलं अर्धंही दिलं.